ब्राँक्समधली अळंबी

न्यूयॉर्कच्या उत्तरेला ब्राँक्समध्ये एक मोठं वनस्पती उद्यान आहे. लोक तिथे गुलाब आणि ऑर्किड बघायला जातात. 1940च्या दशकात मात्र त्या उद्यानाच्या प्रयोगशाळेत कुजक्या ओंडक्यांवरच्या बुरशा आणि रानातल्या छत्र्या काचेच्या चंबूंतून वाढवल्या जात होत्या. त्यांतल्या एका छत्रीतून 1951 साली जंतूंना रोखणारं एक द्रव्य हाती आलं. त्यापासून बनलेलं मलम माणसाच्या त्वचेवर लागायला 56 वर्षं गेली. न्यूमोनियाच्या रोग्याला त्याची गोळी मिळायला 68 वर्षं. मधल्या काळात त्याचा फायदा झाला तो डुकरांना आणि कोंबड्यांना.

हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण अळंबीच्या अर्काने जंतू मरतात अशी बातमी आज सतत वाचायला मिळते. कधी धिंगरी, कधी शिताके, कधी साधी बटण अळंबी. बातमी खोटी नसते. काचेच्या ताटलीत अर्काचा थेंब टाकला की त्याच्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं खरोखर दिसतं. पण त्या कड्यापासून औषधाच्या गोळीपर्यंतचा रस्ता किती लांब असतो, आणि त्यावर कुठे कुठे अडतं, हे समजायला एकच उदाहरण नीट बघावं. ते उदाहरण म्हणजे प्लुरोम्युटिलिन.

पेनिसिलिनपासून सुरुवात करावी लागते. अलेक्झांडर फ्लेमिंगना 1928 साली बुरशीभोवतीचं कडं दिसलं होतं, पण त्याचं औषध व्हायला ऑक्सफर्डचे फ्लोरी, चेन आणि हीटली यावे लागले. जुलै 1941 मध्ये फ्लोरी आणि हीटली युद्धाच्या धामधुमीत ती बुरशी घेऊन अमेरिकेत उतरले. त्यानंतर जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना एकच ध्यास लागला. एका बुरशीत हे असेल तर बाकीच्यांत काय आहे? सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेने मातीतल्या जिवाणूंकडे मोर्चा वळवला आणि 1943 मध्ये तिथे अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. काही थोड्या लोकांनी मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या, टोपलीत भरता येणाऱ्या मोठ्या छत्र्यांचा माग धरला.

ऑक्सफर्डमध्ये विल्किन्स आणि हॅरिस यांनी मोठ्या छत्र्यांची तपासणी हाती घेतली. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला नॅन्सी अ‍ॅटकिन्सन यांना एका पिवळ्या पडणाऱ्या छत्रीत जंतुरोधक गुण आढळला. कुरणात उगवणाऱ्या खाण्याच्या अळंबीशी तिचं इतकं साम्य असतं की लोक फसतात आणि पोट बिघडवून घेतात. आपल्याला पचणारी कोणती आणि बाधणारी कोणती हा भेद जंतूंच्या बाबतीत निरर्थक आहे, हे तेव्हाच दिसून आलं होतं. फ्रान्समध्ये शार्ल ओलांद यांनी एका दांडग्या पांढऱ्या छत्रीतून क्लिटोसायबिन काढलं आणि क्षयावर त्याचा उपयोग होईल अशी आशा धरली. यांतलं काहीही दवाखान्यापर्यंत पोचलं नाही.

ब्राँक्सच्या उद्यानाचे संचालक विल्यम रॉबिन्स होते. 1937 पासून 1957 पर्यंत वीस वर्षं त्यांनी ते पद सांभाळलं. मूळ पिंड संशोधकाचा. झाडाच्या मुळाचं टोक कापून ते निर्जंतुक द्रावणात जिवंत वाढवण्याचे प्रयोग त्यांनी 1922 मध्येच केले होते. पुढे फ्रेडरिक कॅव्हाना यांच्याबरोबर बुरशांना कोणती जीवनसत्त्वं लागतात याचा अभ्यास केला. म्हणजे बुरशीला काय खाऊ घातलं की ती कशी वाढते याची नेमकी जाण या माणसाला होती, आणि पुढच्या कामात तीच उपयोगी पडली. त्यांचे चिरंजीव फ्रेडरिक रॉबिन्स यांना 1954 साली पोलिओचा विषाणू ऊतींमध्ये वाढवल्याबद्दल एंडर्स आणि वेलर यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्या कामातून काही वर्षांतच पोलिओची लस आली. वडिलांच्या शोधाच्या वाट्याला मात्र दीर्घ उपेक्षा आली.

छत्र्या तपासण्याचं काम अतिशय संथ. आपण जिची भाजी करतो ती छत्री म्हणजे त्या जीवाचं फळ. खरा देह म्हणजे लाकडात किंवा मातीत पसरलेलं पांढऱ्या धाग्यांचं जाळं. छत्रीच्या आतला, हवा न लागलेला कण चिमट्याने उचलून अगारवर ठेवायचा, त्यातून धागे फुटण्याची वाट बघायची, मग ते जाळं द्रवातल्या चंबूत हलवायचं आणि पुन्हा वाट बघायची. पेनिसिलियमसारखी बुरशी काही दिवसांत हात भरून देते. छत्र्यांना आठवडे लागतात, आणि तेवढ्या वेळात एखादा हवेतला जिवाणू आत शिरला की सगळं वाया जातं. चंबूतला द्रव तयार झाला की तो जंतूंसमोर ठेवून बघायचा. मुख्य जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजे गळवं आणि जखमांमधल्या पुवाचा नेहमीचा धनी.

हे चिकाटीचं काम प्रामुख्याने अ‍ॅनेट हर्व्ही यांनी केलं. 1947 मध्ये त्यांनी 500 छत्रीवर्गीय बुरशांच्या तपासणीचा अहवाल एका वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकात छापला. पाचशे! प्रत्येकीचं शुद्ध जाळं मिळवणं, ते टिकवणं आणि तपासणं म्हणजे काय असतं याची कल्पना प्रयोगशाळेत काम केलेल्यांनाच येईल. प्रतिजैविकांच्या इतिहासात हर्व्ही यांचं नाव क्वचितच येतं, आणि हे मला फार खटकतं. त्या गटाकडून ‘छत्रीवर्गातील प्रतिजैविक द्रव्ये’ या मथळ्याखाली एकामागून एक लेख निघत गेले. एका प्लुरोटसमधून प्लुरोटिन मिळालं, पाइनच्या फळावर उगवणाऱ्या एका चिमुकल्या छत्रीतून मॅरास्मिक आम्ल मिळालं. त्या मालिकेतला आठवा लेख 1951 साली कॅव्हाना, हर्व्ही आणि रॉबिन्स यांच्या नावाने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात आला.

त्या लेखात दोन छत्र्या होत्या. दोन्ही तेव्हा प्लुरोटस या कुळात गणल्या जात. आपल्याकडे धिंगरी म्हणून विकली जाते ती अळंबीही याच कुळातली. प्लुरोटस म्युटिलस हे एकीचं नाव, त्यावरून द्रव्याचं नाव प्लुरोम्युटिलिन झालं. दुसरी प्लुरोटस पासेकेरियानस. ऑस्ट्रियाचे छत्रीतज्ज्ञ पासेकर यांच्या नावाने झेक शास्त्रज्ञ पिलात यांनी तिचं बारसं केलं होतं. पुढे वर्गीकरण बदललं आणि दोघींची रवानगी क्लिटोपिलस कुळात झाली. या कुळातली एक जात, ताज्या पिठाचा वास येणारी, युरोपात आवडीने खाल्ली जाते. औषध देणारी पासेकेरियानस ही तिची जवळची बहीण. मार्जोरी अँचेल या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी 1952 मध्ये या द्रव्याच्या रासायनिक तपासणीचा पहिला अहवाल छापला. त्याच सुमारास एका वेगळ्याच कुळातल्या छत्रीतून मिळालेलं ड्रोसोफिलिन बी नावाचं द्रव्य म्हणजे प्लुरोम्युटिलिनच आहे हे पुढे कळलं. एकमेकींशी दूरचं नातं असलेल्या छत्र्या एकच रेणू बनवत होत्या.

मग ते पडून का राहिलं?

कारण ते चुकीच्या काळात सापडलं. 1947 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल, 1948 मध्ये पहिलं टेट्रासायक्लिन, 1952 मध्ये एरिथ्रोमायसिन. औषधांची रांग लागली होती. प्लुरोम्युटिलिन स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवर चालायचं, पण आतड्यातल्या ई. कोलायसारख्या जंतूंवर फारसं नाही. शरीरात गेल्यावर यकृत त्याची झपाट्याने विल्हेवाट लावी. त्याची छत्री हळू वाढणारी. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू मोठ्या टाक्यांमध्ये भराभर वाढत, आणि कारखान्यांना तेच सोयीचं होतं. आपल्याकडेही हाच मार्ग निवडला गेला. पुण्याजवळ पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं आणि 1961 मध्ये तिथल्या थिरुमलाचार यांच्या गटाने पिंपरीच्याच मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं. तो जिवाणू आजही स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना या नावाने ओळखला जातो. त्या दशकात माती जिंकली, यात कुणाचा दोष नव्हता. पण भरल्या घरात एखादं पोर उपेक्षित राहावं तसं प्लुरोम्युटिलिनचं झालं, आणि ही उपेक्षा शास्त्रीय कारणांपेक्षा सुबत्तेमुळे झाली असं माझं मत आहे. जंतू पुढे औषधांना दाद देईनासे होतील आणि वेगळ्या वाटेने मारा करणाऱ्या रेणूची गरज पडेल, याचा विचार कारखाने आणि सरकारं यांनी तेव्हा करायला हवा होता. फ्लेमिंगनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच तसा इशारा दिला होता.

रसायनशास्त्रज्ञांना मात्र या रेणूने झपाटलं होतं. पाच, सहा आणि आठ कार्बनची तीन कडी एकमेकांत गुंतलेली, अशी रचना त्यांनी आधी पाहिली नव्हती. झ्युरिकचे दुईलिओ आरिगोनी यांनी 1962 मध्ये ती उलगडली. आर्थर बर्च यांचा गटही त्याच सुमारास त्याच उत्तरापाशी पोचला.

आता सूत्रं ऑस्ट्रियाकडे जातात. टिरोलमधल्या कुंड्ल गावात एक बंद पडलेली दारूभट्टी होती, बिअर बनवणारी. युद्ध संपल्यावर तो प्रदेश फ्रेंच सैन्याच्या ताब्यात होता. मिशेल रांबो या फ्रेंच अधिकाऱ्याच्या पुढाकाराने 1946 मध्ये त्या भट्टीत पेनिसिलिन बनवण्यासाठी बायोकेमी ही कंपनी सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी, एर्न्स्ट ब्रांडल आणि हान्स मार्ग्राइटर यांनी, पोटातल्या आम्लात टिकून राहणारं पेनिसिलिन व्ही शोधलं. तोवर पेनिसिलिन म्हणजे इंजेक्शन असं समीकरण होतं, ते या गोळीने मोडलं. बायोकेमी पुढे सँडोझने घेतली. छत्रीच्या जाळ्यापासून टाकीत प्लुरोम्युटिलिन कसं काढायचं याची पद्धत 1976 साली प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यावर क्नाउझेडर यांच्याबरोबर याच ब्रांडल यांचं नाव होतं. मला या कहाणीतला हा टप्पा सर्वांत विलक्षण वाटतो. अमेरिकेने बाजूला ठेवलेलं द्रव्य एका जुन्या दारूभट्टीतून वर आलेल्या लोकांनी उचललं. पदार्थ आंबवण्याच्या कामात मुरलेल्या त्या माणसांना सावकाश वाढणाऱ्या छत्रीचा कंटाळा आला नाही.

व्हिएन्नात सँडोझचे हान्स एगर आणि हेल्मुट राइन्सहागेन यांनी रेणूची एकच बाजू हाताळली. तीन कड्यांचा गाभा तसाच ठेवायचा आणि त्याला लोंबणारी छोटी साखळी बदलून बघायची. गाभ्याला हात लावला की औषध निकामी होई. साखळी बदलली की कधी कधी ते अनेक पटींनी जोरकस होई. यातून टायाम्युलिन तयार झालं. 1979 मध्ये त्याला प्राण्यांसाठी मान्यता मिळाली. डुकरांची रक्तमिश्रित हगवण आणि कोंबड्यांचा मायकोप्लाझ्मामुळे होणारा श्वसनाचा आजार हे त्याचे मुख्य उपयोग. भारतातल्या कोंबडीपालकांनाही हे औषध परिचयाचं आहे. त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते, ठाऊक असायला हवी. कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सिडियावरचं मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असेल तर टायाम्युलिन देऊ नये, पक्षी दगावतात. टायाम्युलिन यकृताचं काम अडवतं आणि दुसऱ्या औषधाचं विष साचत जातं.

यकृताशी असलेलं हेच वैर माणसांच्या औषधाला आडवं आलं. 1980 च्या दशकात अ‍ॅझाम्युलिन नावाचा भाऊबंद माणसांवर प्राथमिक चाचणीपर्यंत गेला. पाण्यात नीट विरघळेना, रक्तात पुरेसा उतरेना, आणि इतर औषधं पचवणाऱ्या यकृतातल्या एका महत्त्वाच्या विकराला घट्ट पकडून ठेवी. काम थांबलं. अ‍ॅझाम्युलिन आज प्रयोगशाळेत उपयोगी पडतं ते याच दुर्गुणासाठी, त्या विकराचा अभ्यास करायला.

औषध जंतूला नेमकं कुठे गाठतं हे आधीच्या प्रयोगांवरून ढोबळपणे ठाऊक होतं, त्याचं स्पष्ट चित्र 2004 मध्ये मिळालं. पेशीत प्रथिनं गुंफणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. रायबोसोमच्या रचनेसाठी 2009 चं नोबेल मिळवणाऱ्या आदा योनाथ या चित्राच्या कामात सहभागी होत्या. एक अमिनो आम्ल दुसऱ्याला जोडलं जातं ती ऐन जागा रायबोसोमच्या मोठ्या भागात असते. टायाम्युलिनचा तीन कड्यांचा गाभा त्या खोबणीत चपखल बसतो आणि साखळी शेजारच्या जागेत शिरते. येणारं अमिनो आम्ल ठेवायला जागाच उरत नाही, गुंफण सुरू होण्याआधीच थांबते. या जागेला दाद न देण्यासाठी जंतूला एकामागून एक बदल करावे लागतात, म्हणून प्रतिकार हळू येतो. हा या औषधाचा मोठा गुण. पण गोठ्यांनी आणि खुराड्यांनी त्यालाही धोका निर्माण केला. 2000 साली एका वासरापासून मिळालेल्या स्टॅफिलोकॉकसमध्ये सीएफआर नावाचं जनुक सापडलं. ते एकाच फटक्यात पाच प्रकारच्या औषधांना निकामी करतं आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. त्या पाचांत प्लुरोम्युटिलिनचं कुटुंब आहे.

माणसाच्या वाट्याला पहिलं औषध आलं ते मलम म्हणून, कारण त्वचेवर लावलेलं औषध यकृतापर्यंत फारसं पोचत नाही. 2007 मध्ये अमेरिकेत रेटापाम्युलिनला परवानगी मिळाली. लहान मुलांच्या नाकाखाली आणि ओठांभोवती पिवळ्या खपल्यांचे फोड येतात, त्या इम्पेटिगोवर हे एक टक्क्याचं मलम. मोठ्या आजारांपुढे हे छोटं वाटेल, पण ज्या घरात एका पोराकडून दुसऱ्याला हे फोड जातात तिथे विचारा.

व्हिएन्नातल्या सँडोझच्या प्रतिजैविक विभागातून 2006 मध्ये नाब्रिवा ही स्वतंत्र कंपनी निघाली. तिने साखळीची अशी रचना शोधली की औषध रक्तात उतरेल, फुफ्फुसात जाईल आणि गोळी व इंजेक्शन दोन्ही रूपांत देता येईल. हे लेफाम्युलिन. न्यूमोनियाच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, पहिलीत 551 रोगी, दुसरीत 738. दुसऱ्या चाचणीत लेफाम्युलिनच्या पाच दिवसांच्या गोळ्या आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या सात दिवसांच्या गोळ्या समोरासमोर ठेवल्या. सुरुवातीच्या दिवसांत सुधारणा दिसलेल्यांचं प्रमाण दोन्हींकडे 90.8 टक्के आलं. लेफाम्युलिन घेणाऱ्यांना जुलाब जास्त झाले. 19 ऑगस्ट 2019 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. हर्व्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखानंतर 68 वर्षांनी त्यांच्या छत्रीचं औषध माणसाच्या रक्तात जायला मोकळं झालं.

याच काळात ब्रिस्टल विद्यापीठातल्या अँडी बेली आणि गॅरी फॉस्टर यांच्या गटाने छत्रीच्या संथपणावर इलाज शोधला. छत्रीच्या जाळ्यातल्या पेशीत दोन दोन केंद्रकं असतात, त्यामुळे चांगला वाण निवडून वाढवण्याचे नेहमीचे उपाय तिथे चालत नाहीत. त्यांनी प्लुरोम्युटिलिन बनवणारी सात जनुकं ओळखली आणि ती जपानमध्ये सोया सॉस व साके करायला वापरतात त्या अ‍ॅस्परजिलस ओरायझी बुरशीत नेऊन बसवली. 2016 मध्ये त्यांनी कळवलं की तिथे उत्पादन वीस पटींहून अधिक वाढलं. मूळ छत्रीत नाना प्रयत्न करूनही त्यांना वाढ मिळाली नव्हती.

तर आजच्या अर्कांबद्दल. अळंबीचा कच्चा अर्क जंतूंना रोखतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची मात्रा दर मिलिलिटरला मिलिग्रॅममध्ये असते. लेफाम्युलिनसारख्या औषधाला त्याच्या हजाराव्या हिश्शाइतकं किंवा त्याहून कमी पुरतं. अर्कात शेकडो द्रव्यं मिसळलेली असतात. त्यांतलं नेमकं कोणतं काम करतं, ते वेगळं काढता येतं का, ते रक्तात टिकतं का, यकृत त्याचं काय करतं, ही सगळी विचारणा पुढची. ब्राँक्समध्ये कड्यानंतर काही वर्षांत शुद्ध रेणू हाती आला, आणि पुढची जवळजवळ सात दशकं या शेवटच्या प्रश्नांत आणि त्यांना कोण पैसे पुरवणार यात गेली. म्हणून धिंगरीच्या अर्काच्या बातमीने कुणी आजारपणात प्रतिजैविक सोडून अळंबीचं सूप प्यावं, असं मला मुळीच वाटत नाही. सूप चवीसाठी आणि पोषणासाठी प्यावं. तपासणीचं काम मात्र चालू राहावं, कारण हर्व्हींनी पाहिल्या त्या 500 छत्र्यांपलीकडे हजारो जाती शिल्लक आहेत, त्यांत सह्याद्रीतल्याही आल्या.

पैशाचं म्हणाल तर लेफाम्युलिनच्या गोळ्यांचा एका दिवसाचा दर अमेरिकेत सुमारे 275 डॉलर ठरला होता. नवं प्रतिजैविक डॉक्टर जपून, शेवटचा उपाय म्हणून वापरतात, आणि ते बरोबरच आहे. पण मग विक्री होत नाही. औषध बाजारात येऊन काही महिने होतात तोच कोविड आला, रुग्णालयांची दारं औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना बंद झाली. जानेवारी 2023 मध्ये नाब्रिवाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. औषध निष्फळ ठरलं म्हणून नव्हे, विकत घेणारा नाही म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडच्या आरोग्य सेवेने एक नवा करार करून पाहिला होता. विकल्या गेलेल्या गोळ्या न मोजता, गरज पडेल तेव्हा औषध तयार असावं यासाठी कंपनीला वर्षाला ठराविक रक्कम द्यायची, जास्तीत जास्त एक कोटी पौंड. त्या पहिल्या प्रयोगासाठी दोन औषधं निवडली होती, सेफिडेरोकॉल आणि सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम. लेफाम्युलिन त्यांत नव्हतं.